सांगितलेला शब्द आणि दिलेला शब्द : श्वार्ट्झच्या लेखनसंग्रहाचे वाचन

१

मराठी ख्रिस्ती वाङ्मयाचा इतिहास मांडताना दोन आरंभस्थाने सामान्यतः गृहीत धरली जातात. पहिले गोमंतकात आहे. फादर थॉमस स्टीफन्स याचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये छापले गेले आणि ओवीच्या परंपरेत एका नव्या श्रद्धेची कथा मिसळली. दुसरे आरंभस्थान एकोणिसाव्या शतकातील मुंबई इलाख्यात आहे. बाबा पदमनजी यांचे ‘यमुनापर्यटन’ (१८५७) आणि पुढे नारायण वामन टिळकांची कविता यांनी ते निश्चित केले. या दोहोंमधले अठरावे शतक इतिहासकारांनी बहुधा मोकळेच सोडले आहे.

प्रत्यक्षात हे शतक तितके मोकळे नाही. याच शतकात दक्षिणेकडील एका मराठी राजघराण्याच्या दरबारात एक जर्मन धर्मोपदेशक दीर्घकाळ वावरत होता. त्या घराण्यातील एका राजाशी त्याने धर्मसंवाद केला आणि दुसऱ्या भावी राजाचा तो पालक झाला. आपल्या आयुष्याचा वृत्तांत त्याने रोजनिश्यांत आणि पत्रांत नोंदवून ठेवला. ख्रिस्तियान फ्रीडरिख श्वार्ट्झ (१७२६–१७९८) हे त्याचे नाव. त्याचे लेखन जर्मन आणि इंग्रजीत असल्यामुळे मराठी अभ्यासकाने ते चर्चच्या इतिहासाकडे सोपवले, तर चर्चच्या इतिहासाने त्यातील मराठी दरबार केवळ पार्श्वभूमी म्हणून पाहिला. दोन्ही बाजूंनी दुर्लक्षित राहिलेल्या या लेखनाचे मूल्य कशात आहे, हा येथे विचाराचा विषय आहे.

या विचाराला बंगळूरपासून प्रारंभ करणे सयुक्तिक ठरते. तंजावरच्या भोसल्यांचे घराणे बंगळुरातूनच तंजावरला गेले. शहाजीराजांच्या बंगळूर येथील दरबाराचे चित्र जयराम पिंड्ये याच्या ‘राधामाधवविलासचंपू’त आढळते. वि. का. राजवाडे यांनी १९२२ मध्ये संपादित केलेल्या या काव्यात बारा भाषांचे कवित्व एकाच सभेत नांदते. १६७५ च्या सुमारास व्यंकोजीराजांनी तंजावर हस्तगत केले. १६८७ मध्ये बंगळूर मोगलांच्या हाती पडून म्हैसूरच्या चिक्कदेवराय वडियारकडे गेले, परंतु अनेक भाषा एकत्र ऐकण्याची सवय तंजावरच्या सभेत टिकून राहिली. मराठी, तमिळ, तेलुगू, संस्कृत आणि फारसी यांच्या या वर्दळीत श्वार्ट्झ येऊन पोहोचला, तो स्वतः बहुभाषी होऊन. आजही या क्षेत्रातील अभ्यासकाची वाट बंगळूरवरून जाते. प्रॉटेस्टंट मिशनांची कागदपत्रे जतन करणारे युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेज (स्थापना १९१०) याच शहरात आहे.

२

श्वार्ट्झचा जन्म ब्रांडेनबुर्गमधील झोनेनबुर्ग या गावी झाला. त्याचे शिक्षण हाले येथे झाले. पाएटिस्ट या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सुवार्तिक चळवळीचे हाले हे केंद्र होते. कर्मकांड आणि शास्त्रचर्चा यांपेक्षा अंतःकरणातील पालट या चळवळीला महत्त्वाचा वाटे. प्रत्येक प्रचारकाने आपल्या आत्म्याचा आणि आपल्या कामाचा हिशेब नियमाने लिहून पाठवावा, अशी तिची शिस्त होती. भारतातून येणारे हे हिशेब हालेहून क्रमशः प्रसिद्ध होत आणि युरोपभर वाचले जात. श्वार्ट्झचे लेखन या शिस्तीतून जन्मले. तो ग्रंथकार होण्यासाठी लिहीत नव्हता, आणि त्याच्या गद्याचे गुणदोष या एका गोष्टीतून बरेचसे उलगडतात.

तमिळ बायबलच्या कामानिमित्त हाले येथेच त्याची तमिळ भाषेशी ओळख झाली. १७५० मध्ये तो तरंगंबाडीच्या डॅनिश वसाहतीत उतरला. पुढे तिरुचिरापल्ली आणि अखेरीस तंजावर ही त्याची कार्यक्षेत्रे झाली. भारतात त्याने अठ्ठेचाळीस वर्षे काढली आणि मायदेशी तो एकदाही परतला नाही. तमिळबरोबर फारसी, हिंदुस्तानी आणि पोर्तुगीज त्याने आत्मसात केल्या. तंजावरच्या दरबारामुळे मराठीशीही त्याचा परिचय झाला. तो अविवाहित राहिला आणि त्याची राहणी अत्यंत साधी होती.

मृत्यूनंतर त्याची पत्रे आणि रोजनिश्या संग्रहरूपाने १८२६ मध्ये लंडनला निघाल्या. १८३४ मध्ये ह्यू पिअर्सन याने दोन खंडांत त्याचे चरित्र आणि पत्रव्यवहार प्रसिद्ध केला. इंग्रजी वाचकाला श्वार्ट्झ ठाऊक आहे तो मुख्यतः या दोन संग्रहांमुळे. हे संग्रह वाचताना त्यांचा काळ विसरता येत नाही. १८१३ च्या सनदेने कंपनीच्या मुलखात मिशनरी कार्याला वाट मोकळी झाली होती आणि इंग्लंडमधील सुवार्तिक मंडळींना एका निष्कलंक पूर्वसूरीची गरज होती. संपादकांनी तो घडवला. त्यांच्या प्रस्तावना आणि जोडवाक्ये सारखी श्वार्ट्झच्या संतपणाकडे बोट दाखवत राहतात. त्यामुळे मूळ लेखनातील संकोच, थकवा आणि अनुत्तरित प्रश्न झाकोळले जातात. चिकित्सक वाचकाला हा गिलावा खरवडूनच आत शिरावे लागते.

आत शिरल्यावर जे हाती लागते ते एका शब्दाभोवती फिरणारे लेखन आहे, आणि तो शब्द म्हणजे ‘शब्द’ हाच. मराठीत त्याला सुदैवाने दोन अंगे आहेत. शब्द सांगितला जातो, तसा शब्द दिलाही जातो. उपदेशकाचा सांगितलेला शब्द म्हणजे त्याची सुवार्ता. दिलेला शब्द म्हणजे त्याचे वचन आणि त्यामागची त्याची पत. श्वार्ट्झच्या संग्रहातील सारे नाट्य या दोहोंमधील अंतरातून निर्माण होते. ज्यांनी त्याचा सांगितलेला शब्द नाकारला त्यांनीच त्याच्या दिलेल्या शब्दावर सर्वस्व सोपवले. अखेर त्या पतीचा उपयोग कोणी केला, हा या संग्रहातला सर्वांत अस्वस्थ करणारा प्रश्न आहे.

३

सांगितलेल्या शब्दाचा विचार प्रथम करावा लागेल. प्रवचनांच्या संग्रहात सामान्यतः एकच आवाज ऐकू येतो. व्यासपीठावरून बोलणारा बोलतो आणि समोरचा समुदाय मूक राहतो. श्वार्ट्झच्या रोजनिश्यांत हे चित्र उलटते. त्याचा उपदेश चर्चमध्ये जितका होतो तितकाच झाडाखाली, धर्मशाळेत, तळ्याकाठी आणि वाड्याच्या पायरीवर होतो. तेथे ऐकणारा लगेच उत्तर देतो, आणि श्वार्ट्झ ते उत्तर लिहून ठेवतो.

याचे सर्वांत मार्मिक उदाहरण एका नर्तकीचे आहे. नृत्यगुरू आणि त्याची शिष्या यांच्याशी बोलताना श्वार्ट्झने सांगितले की, अपवित्र माणसाला स्वर्गात प्रवेश नाही. तसे असेल तर युरोपियनांपैकी क्वचितच कोणी तेथे पोहोचेल, असा अभिप्राय त्या मुलीने दिला आणि ती पुढे निघून गेली. हा प्रसंग गाळणे उपदेशकाला सहज शक्य होते. किमान त्यावर स्वतःचे समर्पक प्रत्युत्तर जोडता आले असते. त्याने तो जसाच्या तसा हालेला कळवला. वसाहतीतील गोऱ्या माणसांच्या वर्तनावर इतके थोडक्यात केलेले भाष्य त्या काळच्या लेखनात विरळा. त्या मुलीचे नाव नोंदीत नाही. तरीही संपूर्ण संग्रहात तिचे वाक्य सर्वाधिक जिवंत वाटते.

१७६९ मध्ये तुळजाजीराजाशी झालेल्या पहिल्या भेटीचा वृत्तांत याच प्रकारचा आहे. आरंभी दुभाष्यामार्फत फारसीत बोलणे चालते. पाद्री तमिळ जाणतो हे कळल्यावर राजा थेट तमिळमध्ये बोलू लागतो. मराठी राजा आणि जर्मन उपदेशक यांनी तमिळला आपली समान भूमी मानावी, हा तपशील श्वार्ट्झ सहजपणे नोंदवतो, पण वाङ्मयाच्या अभ्यासकाला त्यावर थबकावेसे वाटते. राजा प्रश्न विचारतो, कौतुकाने ऐकतो, पुन्हा यायला सांगतो. दरबारातील अधिकाऱ्यांची नाराजी, राजाची द्विधा मनःस्थिती आणि उपदेशकाची आशा या तिन्ही गोष्टी पुढील वर्षांच्या नोंदींत वारंवार दिसतात. तुळजाजीने अखेरपर्यंत धर्म बदलला नाही. सुवार्तिक संपादकाला यात एका दुर्बल राजाची शोकांतिका दिसते. नोंदी निरपेक्षपणे वाचल्या तर दिसतो तो आपल्या घराण्याची जबाबदारी ओळखणारा एक श्रोता. तो ऐकायला तयार आहे, पण स्वतःला विसर्जित करायला तयार नाही.

या संवादांना मर्यादाही आहेत. श्रोत्याचे बोलणे आपल्यापर्यंत येते ते श्वार्ट्झच्या निवडीतून आणि युरोपीय भाषेतल्या अनुवादातून. देवळे, मूर्ती आणि उत्सव यांविषयीची त्याची मते त्याच्या चळवळीच्या साच्याबाहेर जात नाहीत. भक्तिपरंपरेतील अंतर्मुखतेशी हालेच्या अंतर्मुखतेचे काही नाते असू शकेल, ही शंका त्याला शिवत नाही. ज्या मराठी घराण्याच्या छायेत तो राहिला, त्याच्या भाषेतील संतवाणीत बाह्य अवडंबराचा धिक्कार त्याच्याइतकाच तीव्र होता, हे त्याच्या पानांवरून कळणारही नाही. आपल्या मंडळीतही रूढीशी त्याने तडजोड केली. तंजावरच्या ख्रिस्ती मंडळीत जातीनुसार वेगळे बसण्याची चाल त्याने चालू दिली. पुढील पिढीच्या मिशनऱ्यांनी ती मोडू पाहिली तेव्हा मंडळीत मोठा कलह माजला. अंतःकरणाचा पालट सांगणारा शब्द चर्चमधील बैठकीची मांडणीही पालटू शकला नाही, ही नोंद कोणत्याही गौरवाच्या शेजारी ठेवावीच लागेल.

४

दिलेल्या शब्दाची कहाणी वेगळी आहे. १७७९ मध्ये मद्रासचा गव्हर्नर सर टॉमस रंबोल्ड याने श्वार्ट्झला हैदरअलीकडे श्रीरंगपट्टणास पाठवले. कंपनीच्या शांततेच्या इच्छेची खात्री पटवणे हा वरवरचा हेतू होता. हे काम स्वीकारण्याची कारणे श्वार्ट्झने स्वतःशी तपासून लिहिली आहेत. रक्तपात टळावा, जेथे सुवार्ता पोहोचलेली नाही तेथे ती सांगता यावी, कंपनीच्या उपकारांची फेड व्हावी, आणि या सर्व काळात आपले हात भेटवस्तूंपासून स्वच्छ राहावेत. यातील तिसरे कारण आज खटकते. पण लेखक ते लपवत नाही.

श्रीरंगपट्टणची रोजनिशी हा संग्रहातील गद्याचा उत्कर्षबिंदू म्हणता येईल. येथे उपदेशक मागे सरतो आणि निरीक्षक पुढे येतो. हैदरला स्वतः लिहिता-वाचता येत नाही. एक कारकून त्याच्या सांगण्यावरून लिहितो, दुसरा ते वाचून दाखवतो, आणि मगच पत्रावर मोहोर उमटते. जमाखर्चाचे कागद त्याच्यासमोर झपाट्याने निकालात निघतात. चाबूकधारी शिपाई सदैव सज्ज असतात, आणि त्या चाबकापुढे मोतद्दार, महसूल अधिकारी आणि राजपुत्र सारखेच. धर्माच्या बाबतीत मात्र हैदर कोणाला विचारत नाही. भयावर उभी असलेली कार्यक्षमता आणि धार्मिक औदासीन्यातून आलेली मोकळीक, ही दोन्ही श्वार्ट्झने शेजारी शेजारी ठेवली आहेत. त्यांवर तो निकाल देत नाही. पुढे कंपनीच्या इतिहासकारांनी हैदरला जुलमी म्हणून रंगवले आणि आधुनिक काळात त्याला राष्ट्रवीर म्हणूनही रंगवले गेले. दोन्ही रंगांना पुरून उरेल असा तपशील या काही पानांत आहे.

निघताना हैदरने प्रवासखर्चासाठी तीनशे रुपये दिले. श्वार्ट्झने ते मद्रासच्या सरकारपुढे ठेवले. सरकारने ते परत घेण्याचे नाकारल्यावर त्याने तंजावरच्या शाळेसाठी निधी सुरू केला. हैदरच्या कंपनीविषयीच्या तक्रारीही त्याने प्रामाणिकपणे पोहोचवल्या. त्यांचा परिणाम झाला नाही. १७८० मध्ये हैदरच्या फौजा कर्नाटकात उतरल्या. त्या युद्धातही हैदरने आपल्या अधिकाऱ्यांना या पाद्र्याला अडवू नये असे बजावले होते. शत्रूच्या मुलखात त्याचा शब्द चालत होता. ज्यांच्या वतीने तो बोलला त्यांच्या शब्दाला मात्र तितके वजन उरले नव्हते.

या युद्धात तंजावरच्या किल्ल्यावर उपासमारीची पाळी आली. धान्य खेड्यांत होते, पण पूर्वी मोबदल्याविना धान्य उचलले गेल्यामुळे कुणबी बैल द्यायला तयार नव्हते. राजाने आणि कंपनीने दिलेली आश्वासने फोल ठरली होती. शेवटी श्वार्ट्झला मध्यस्थी करण्यास सांगण्यात आले. पैसे चुकते करण्याची हमी त्याने स्वतःच्या नावावर दिली, तेव्हा दोन दिवसांच्या आत हजारभर बैल मिळाले आणि ८०,००० कलम धान्य किल्ल्यात आले. पुढे अधिकाऱ्यांच्या जाचामुळे गावे सोडून गेलेले सुमारे ७,००० लोकही त्याच्या आश्वासनावर परतले आणि त्यांनी शेती पुन्हा उभी केली.

ही हकिकत त्याने आपण होऊन सांगितलेली नाही, हे लक्षणीय आहे. १७९३ मध्ये कंपनीच्या सनदेवर ब्रिटिश पार्लमेंटमध्ये चर्चा झाली. मिशनरी कार्याची थट्टा करताना एका सभासदाने श्वार्ट्झच्या ख्रिस्ती झालेल्या लोकांवर लुटारूपणाचा आरोप केला. त्याला उत्तर म्हणून १७९४ मध्ये श्वार्ट्झने लंडनच्या ख्रिस्ती ज्ञानप्रसारक संस्थेला एक दीर्घ पत्र लिहिले. संपूर्ण संग्रहात स्वतःविषयी तो सविस्तर बोलतो ते बहुधा येथेच. या पत्राचा घाट साक्षीदाराच्या जबानीसारखा आहे. विशेषणे जवळपास नाहीत. कोणी काय मागितले, किती बैल आले, कोणाच्या देखत पैसे दिले गेले, एवढेच क्रमाने येते. आत्मसमर्थनाचा हा प्रकार आत्मगौरवापासून कटाक्षाने दूर राहतो. दिलेल्या शब्दाचे समर्थन वक्तृत्वाने करता येत नाही, ते हिशेबानेच करावे लागते, ही जाण या गद्याला आकार देते. एकोणिसाव्या शतकातील मराठी निबंधाला वादविवादाची जी भाषा घडवावी लागली, तिच्या संदर्भात हे पत्र अभ्यासकांनी अवश्य पाहावे.

५

पत आणि सत्ता यांचा संबंध सरळ नसतो, हे संग्रहाच्या उत्तरार्धात उघड होते. १७८७ मध्ये मृत्यूपूर्वी तुळजाजीने भोसले कुळातील एका बालकाला, सरफोजीला, दत्तक घेतले आणि त्याला श्वार्ट्झच्या हाती सोपवू पाहिले. मुत्सद्देगिरीचे ओझे नको म्हणून श्वार्ट्झने राजाचा सावत्रभाऊ अमरसिंग याच्याकडे पालकत्व देण्याचा सल्ला दिला. संग्रहातील सर्वांत महागडा सल्ला हाच ठरला. तुळजाजीच्या मृत्यूनंतर दत्तविधान सदोष असल्याचा अभिप्राय पंडितांकडून घेण्यात आला, कंपनीने अमरसिंगाला गादीवर बसवले आणि सरफोजी एका प्रकारे नजरकैदेत पडला.

येथून पुढची श्वार्ट्झची पत्रे एका अपराधी जबाबदारीच्या भावनेने भारलेली आहेत. मुलाला मोकळे ठेवावे, त्याला शिक्षण मिळावे, त्याच्या जिवाला धोका होऊ नये, यासाठी तो मद्रासला पुन्हा पुन्हा लिहितो. १७९३ मध्ये सरफोजीला मद्रासला हलवण्यात आले. तेथे त्याचे शिक्षण गेरिके या मिशनऱ्याच्या देखरेखीखाली चालले. दत्तकाच्या प्रश्नाचा फेरविचार व्हावा यासाठी श्वार्ट्झने मांडलेली बाजू धर्मशास्त्र, लोकाचार आणि न्याय या तिन्ही अंगांनी जाते. हिंदू दत्तकविधीच्या वैधतेसाठी एक ख्रिस्ती उपदेशक आपली सारी पत पणाला लावतो, ही घटना मिशनरी वाङ्मयाच्या रूढ कल्पनांत सहजासहजी बसणारी नाही.

१३ फेब्रुवारी १७९८ रोजी तंजावर येथे श्वार्ट्झचा मृत्यू झाला. त्याच वर्षी सरफोजी गादीवर आला. १७९९ च्या तहाने राज्याचा कारभार कंपनीकडे गेला आणि राजाची प्रत्यक्ष सत्ता किल्ला व त्याच्या परिसरापुरती उरली. पाद्र्याने न्याय मागितला होता. कंपनीने न्याय दिला आणि राज्य घेतले. श्वार्ट्झच्या हेतूंवर संशय घेण्याचे कारण नाही. तथापि त्याच्या शब्दाने जो विश्वास निर्माण केला, त्याचा अंतिम लाभार्थी कोण, हा प्रश्न हेतूंच्या शुद्धतेने मिटत नाही. १८२६ मध्ये तंजावरला आलेल्या बिशप हेबरलाही आधी असेच वाटत होते की श्वार्ट्झ राजकारणात फार गुंतला होता. प्रत्यक्ष पाहणीनंतर त्याने आपले मत बदलले. हेबरचे समाधान झाले, तेवढ्याने आजच्या वाचकाचे होण्याचे कारण नाही. प्रामाणिक मध्यस्थ हा साम्राज्याला नेहमीच हवा असतो, आणि तो खरोखर प्रामाणिक असला तरच उपयोगी पडतो. श्वार्ट्झचा संग्रह हे सत्य सांगण्यासाठी लिहिलेला नाही. मात्र इतक्या तपशिलाने ते दाखवणारे लेखन त्या काळात फारसे सापडणार नाही.

६

येथवरचे सारे लेखन एका बाजूचे आहे. पत्रांना उत्तरे असतात. तुळजाजी आणि नर्तकी यांची उत्तरे श्वार्ट्झच्या लेखणीतून आली. सरफोजीचे उत्तर शोधायचे तर संग्रह मिटवून तंजावरच्या वाङ्मयाकडे वळावे लागते.

सरफोजीने गुरूविषयीची कृतज्ञता कधी लपवली नाही. १८०१ मध्ये त्याने इंग्लंडहून संगमरवरी स्मारक मागवण्याचा उपक्रम केला. शिल्पकार जॉन फ्लॅक्समन याने ते घडवले. मरणशय्येवरील श्वार्ट्झ, जवळ उभा असलेला सरफोजी आणि शाळेची मुले असे त्या शिल्पाचे दृश्य आहे. समाधीवरील इंग्रजी पद्यरचनाही सरफोजीचीच. असे असूनही तो अखेरपर्यंत आपल्या धर्मातच राहिला. बृहदीश्वराच्या मंदिरात १८०३ मध्ये त्याने भोसले वंशाचा विस्तृत मराठी इतिहास शिळेवर कोरवला. चर्चमधील संगमरवर आणि मंदिरातील शिलालेख हे एकाच माणसाच्या मनाचे दोन लेख आहेत. पहिल्यात त्याने गुरूचे ऋण मान्य केले आणि दुसऱ्यात आपण कोण हे सांगितले. राज्य हातचे गेल्यावर सुमारे चार वर्षांत वंशाची कथा मराठीत दगडावर उतरवणे हे सुद्धा एक उत्तर होते.

याहून सूक्ष्म उत्तर नाट्यवाङ्मयात मिळते. कुरवंजी हा दक्षिणेतील लोकप्रिय नाट्यप्रकार आहे. विरहिणी नायिका आणि तिचे भविष्य सांगणारी डोंगरी कुरवंजी हा त्याचा ठरलेला साचा. देशोदेशी हिंडलेली ही स्त्री आपल्या डोंगराचे आणि मुलखाचे वर्णन गाऊन करते. सरफोजीच्या नावावर असलेल्या ‘देवेंद्र कुरवंजी’ या मराठी नाटकात या वर्णनाचा विस्तार होऊन ती सगळ्या पृथ्वीचा भूगोल सांगू लागते. मिशनच्या शाळेत नकाशावरून शिकवलेली खंडे, देश आणि नगरे येथे मराठी पदांत, देवेंद्राच्या कथेत, एका भटक्या स्त्रीच्या तोंडी येतात.

योगायोग असा की, श्वार्ट्झच्या दुसऱ्या एका शिष्यानेही हाच साचा निवडला. वेदनायक शास्त्री (१७७४–१८६४) या तमिळ ख्रिस्ती कवीला श्वार्ट्झने लहानपणी तंजावरला आणून शिकवले होते. १८०० च्या सुमारास त्याने ‘बेथलेहेम कुरवंजी’ रचली. तीतही नव्या विद्येला स्थान आहे, पण तेथे नायक ख्रिस्त आहे. एकाच गुरूच्या दोन शिष्यांनी एकच देशी रूप घेऊन, एकाने तमिळमध्ये आणि एकाने मराठीत, एकाने श्रद्धा स्वीकारून आणि एकाने ती न स्वीकारता, गुरूकडून मिळालेले ज्ञान आपल्या लोकांपुढे नाचवले आणि गाववले. उपदेशकाचा शब्द श्रोत्यापर्यंत पोहोचला की नाही, याचे मोजमाप हाले येथे बाप्तिस्म्यांच्या संख्येने होत असे. या दोन कुरवंज्या शेजारी ठेवल्या की ते मोजमाप किती अपुरे होते हे कळून येते.

पुढे सरफोजीने सरस्वती महाल ग्रंथालय समृद्ध केले, देवनागरी मुद्रणालय चालवले, मुलांसाठी इसापच्या कथांचे मराठी रूपांतर छापवले. महाराष्ट्रात मराठी मुद्रण रुजण्यापूर्वी तंजावरला ते सुरू झाले, ही गोष्ट वाङ्मयेतिहासात आता मान्य आहे. तिच्या मुळाशी असलेला एका जर्मन पाद्र्याचा शिक्षणाग्रह मात्र अद्याप तळटीपेतच राहिला आहे. त्याचे श्रेय वाढवून सांगण्याचे कारण नाही. सरफोजीच्या विद्याप्रेमामागे त्याच्या घराण्याची दीडशे वर्षांची परंपरा उभी होती, आणि त्या परंपरेचे एक टोक शहाजीच्या बंगळूरमधील सभेपर्यंत पोहोचते. शिष्य कोऱ्या पाटीसारखा गुरूपुढे बसला नव्हता.

म्हणून श्वार्ट्झचा लेखनसंग्रह मराठी वाचकाने एका जुन्या पत्रव्यवहाराचा उपलब्ध असलेला अर्धा भाग म्हणून वाचावा. त्या अर्ध्या भागात श्रद्धेची निष्ठा आहे, निरीक्षणाची स्वच्छता आहे, आणि स्वतःविरुद्धचे उत्तरही नोंदवून ठेवणारा दुर्मिळ प्रामाणिकपणा आहे. त्याच भागात दुसऱ्याच्या श्रद्धेविषयीचे अज्ञान आणि सत्तेच्या उपयोगाविषयीचे भाबडेपणही आहे. उरलेला अर्धा भाग मराठीत आहे. तो बृहदीश्वराच्या भिंतीवर, सरस्वती महालातील हस्तलिखितांत आणि एका भटक्या कुरवंजीच्या गाण्यात विखुरला आहे. दोन्ही अर्धे एकत्र वाचले जातील तेव्हा अठराव्या शतकाची मोकळी वाटणारी जागा भरून निघेल. मराठी वाङ्मयाचा इतिहास केवळ मराठीत लिहिलेल्या ग्रंथांनी पूर्ण होत नाही, मराठी माणसाने काय ऐकले आणि ऐकून काय केले याचाही त्यात समावेश करावा लागतो, हे त्या वेळी स्पष्ट होईल.